मीठ व्हेनिसचं, गादी फेराराची

आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायचं असतं. उत्तर इटलीत पो नदीच्या काठी वसलेल्या फेरारा शहराने जवळपास पावणेतीनशे वर्षं व्हेनिसचं मीठ खाल्लं, आणि जागणं तर सोडाच, संधी मिळेल तेव्हा ते व्हेनिसवर उलटलं. मी तरी फेरारावाल्यांना दोष देणार नाही. त्यांच्या घरापासून पन्नासेक किलोमीटरवर कोमाक्किओची खाजणं होती. ऊन होतं, खारं पाणी होतं, मिठागरं घालायला हवी तेवढी सपाट जमीन होती. पण तिथे मीठ पिकवायचं नाही, समुद्रावरून दुसरीकडून आणायचंही नाही, जे काही घ्यायचं ते व्हेनिसकडून आणि व्हेनिस सांगेल त्या भावाने, असा करार त्यांच्या डोक्यावर बसला होता.

तो करार बसला कसा, टिकला कसा आणि मोडला कसा, हे या प्रकरणात पाहायचं आहे. समुद्रावर राज्य करणारं बलाढ्य नगर शेजारच्या सरदारांवर व्यापारबंदी लादतं, ही गोष्ट बहुतेक ठिकाणी जहाजांच्या आणि तोफांच्या भाषेत सांगितली जाते. कागद जुळवत गेलो की मला वेगळंच दिसतं. फेराराची बंदी गादीच्या भांडणातून आली. गादी एकाला मिळाली आणि तिची किंमत गावाने मिठातून फेडली.

नदी आणि तिचं तोंड

पो ही इटलीतली सर्वांत लांब नदी, साडेसहाशे किलोमीटरची. आल्प्समधून निघून ती सगळं उत्तरेचं मैदान ओलांडते आणि एड्रियाटिक समुद्राला मिळते. पाव्हिया, पियाचेन्झा, क्रेमोना ही शहरं तिच्या काठावर किंवा काठाला लागून, मान्तोव्हा तिच्या उपनदीवर. मध्ययुगात या मुलखात अवजड माल गाडीरस्त्याने नेणं म्हणजे पैसा चिखलात घालणं. माल जायचा सपाट बुडाच्या पडावांतून, आणि प्रवाहाविरुद्ध जाताना ते पडाव काठावरून दोराने ओढत नेत.

फेरारा होतं नेमकं तिथे, जिथे नदीला फाटे फुटत. एक फाटा व्होलानोकडे, दुसरा प्रिमारोकडे. ११५२ साली वरच्या बाजूला फिकारोलो इथे बांध फुटला आणि नदीचं बरंच पाणी उत्तरेच्या नव्या पात्राकडे वळलं. फेराराचं भाग्य तिथूनच थोडं थोडं आटायला लागलं, असं तिथले लोक अजून म्हणतात. तरी तेराव्या शतकात शहर जोरात होतं. वर्षातून दोनदा मोठी जत्रा भरे. लोंबार्डीचे आणि तोस्कानाचे व्यापारी तिथे कापड घेऊन येत आणि समुद्रापलीकडचा माल घेऊन जात.

व्हेनिसची गोष्ट उलटी. शेत नाही, कुरण नाही, गोड्या पाण्याचीसुद्धा मारामार. सहाव्या शतकात राव्हेन्नाच्या दरबारातला मंत्री कासिओदोरस याने या खाजणातल्या लोकांना पत्र लिहिलं होतं. तुम्ही नांगर-विळ्याऐवजी मिठागराचे रूळ फिरवता, असं तो कौतुकाने म्हणतो, आणि पुढे म्हणतो की सोनं नको म्हणणारा माणूस एखादवेळी भेटेल, मीठ नको म्हणणारा भेटायचा नाही. दरबारी माणसाचं पत्र आहे, त्यात गोडवा असणारच. पण व्हेनिसने तो मुद्दा पुढची हजार वर्षं विसरू दिला नाही.

मीठ म्हणजे ताटातली चिमूट एवढंच डोळ्यांसमोर ठेवलं तर हे प्रकरण समजणार नाही. पोच्या खोऱ्यात चीज मिठात मुरायचं, डुकराच्या मांड्या मिठात मुरायच्या, कोमाक्किओचे वाम मिठात टिकायचे, गुराढोरांनाही मीठ लागायचं. मीठ नाही म्हणजे हिवाळ्याची बेगमी नाही. पार्माजवळच्या टेकड्यांत साल्सोमाज्जोरेच्या खाऱ्या विहिरी होत्या, पण ते पाणी आटवायला सरपण जाळावं लागे. स्वस्त मीठ फक्त उन्हाचं, म्हणजे समुद्राचं.

जुनी खोड

फेराराच्या आधी व्हेनिसने हे हत्यार दुसरीकडे घासून पाहिलं होतं. आठव्या शतकात पोवरचा मिठाचा व्यापार कोमाक्किओच्या नावाड्यांकडे होता. लोंबार्ड राजा लिउतप्रांदशी त्यांनी केलेल्या करारात नदीवरच्या प्रत्येक नाक्याचा कर ठरलेला आहे, आणि तो मिठात, तेलात, गारुममध्ये, म्हणजे माशाच्या आंबवलेल्या रश्शात, आणि मिऱ्यांत मोजलेला आहे. मिरी कुठली ते आपल्याला सांगायला नको. मलबारचा दाणा पोच्या चिखलातल्या नाक्यावर कर म्हणून मोजला जात होता, तेही व्हेनिसचं नाव व्हायच्या आधी. दहाव्या शतकात, ९३२ च्या सुमारास, व्हेनिसचा दोजे, म्हणजे तिथला निवडलेला राज्यप्रमुख, पिएत्रो कांदियानो दुसरा याने कोमाक्किओ जाळलं. प्रतिस्पर्धी संपला.

याच दोजेने त्याच सुमारास एड्रियाटिकच्या समोरच्या काठावरच्या इस्त्रियात जे केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे जाळपोळ नाही. इस्त्रियाचा सरदार, तिथला मार्कग्राफ विंटर, याने व्हेनिसवाल्यांची मालमत्ता बळकावली, त्यांच्या जहाजांना त्रास दिला आणि आपल्या लोकांना सांगितलं की व्हेनिसकरांची देणी फेडू नका. दोजेने आरमार पाठवलं नाही. त्याने आपल्या लोकांना इस्त्रियाशी व्यवहार बंद करायला लावला. मीठ बंद, देवाणघेवाण बंद. थोड्याच दिवसांत इस्त्रियातलेच लोक ग्रादोच्या धर्मगुरूकडे मध्यस्थीसाठी गेले. १२ मार्च ९३३ रोजी व्हेनिसमध्ये रिआल्तोवर तह झाला. विंटर, तिथले बिशप आणि गावोगावचे लोक, सगळ्यांनी निशाण्या केल्या आणि देणी फेडायचं, कर वाढवायचा नाही, जहाजांना हात लावायचा नाही असं कबूल केलं.

एक बाण न सोडता शेजारचा सरदार वाकला. व्हेनिसच्या कारभाऱ्यांनी हा धडा गिरवून ठेवला असावा.

१२४०

फेरारात दोन घराण्यांचं पिढीजात वैर होतं, तोरेल्ली आणि एस्ते. मुळाशी एका लहानग्या वारस मुलीच्या लग्नाचं भांडण असल्याची कथा आहे. ती मुलगी लवकर वारली, वैर मात्र वाढत गेलं. १२४० साली शहर सालिंग्वेर्रा तोरेल्लीच्या हाती होतं. तो म्हातारा झाला होता पण मुरलेला होता, आणि सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या बाजूचा होता. एस्ते घराण्याचा अत्सो सातवा बाहेर बसून वाट पाहत होता.

पोपला सम्राटाचा माणूस तिथे नको होता, अत्सोला गादी हवी होती, बोलोन्या आणि मान्तोव्हाचे आपापले हिशेब होते. पण नदीवरच्या शहराला वेढा घालायचा तर नदी अडवावी लागते, आणि नदी अडवायला नावा फक्त व्हेनिसकडे. दोजे याकोपो तिएपोलो जातीने आला. फेब्रुवारीत पडलेला वेढा जूनमध्ये संपला. सालिंग्वेर्रा बोलणी करायला बाहेर आला आणि दग्याने धरला गेला. त्याला व्हेनिसला नेलं, आणि तो तिथेच कैदेत वारला.

अत्सोला फेरारा मिळालं. व्हेनिसला काय मिळालं? एकही बुरूज नाही, एकही गाव नाही. एक कलम मिळालं: समुद्राकडून फेराराला येणारा माल व्हेनिसहूनच येईल. शिवाय व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना सवलती, आणि शहरात व्हेनिसचा एक अधिकारी कायमचा राहणार. त्याचं पद विस्दोमिनो. व्हेनिसकर आणि फेरारावाले यांच्यातले खटले तो पाही, जकातीवर आणि चोरट्या मालावर नजर ठेवी. आपल्या इतिहासातला इंग्रजांचा रेसिडेंट आठवला तर फार चुकणार नाही.

राघोबादादांनी १७७५ साली सुरतेच्या तहात गादीसाठी साष्टी आणि वसई लिहून दिली, ती गोष्ट आपल्याकडे शाळेत शिकवतात. अत्सोने त्यापेक्षा हुशारीने सौदा केला असं त्याला वाटलं असेल, कारण त्याने जमीन दिलीच नाही. नदीचं तोंड दिलं, आणि ते तसंही त्याच्या हातात नव्हतं.

बंदी चालायची कशी

एखादं जहाज अपुलियाहून तेल आणि गहू घेऊन वर येतंय असं समजा. सरळ प्रिमारोच्या मुखात शिरलं तर फेरारा, बोलोन्या हाकेच्या अंतरावर. पण तिथे व्हेनिसच्या सशस्त्र नावा गस्तीला. पुढे १२५८ साली प्रिमारोच्या फाट्यावर व्हेनिसने मार्कामो नावाची गढीच बांधली. तेव्हा जहाजाने मुकाट्याने व्हेनिस गाठायचं. तिथे माल उतरवायचा, जकात भरायची, विकायचा. मग तोच माल व्हेनिसच्या व्यापाऱ्याच्या नावाने छोट्या पडावांत चढणार. किओज्जा, लोरेओ अशा आतल्या कालव्यांनी, समुद्रावर पाऊलही न टाकता, पोत येणार आणि वर फेराराला जाणार. कालव्यांच्या तोंडाशीही चौक्या होत्या, पाण्यात खांब रोवून वाट अरुंद केलेली, बाजूला पहाऱ्याची नाव. माल आधी फेराराच्या दारावरून उलट्या दिशेला गेला आणि फेरा मारून, भाव चढवून परत आला.

मिठाचं तंत्र आणखी बारीक होतं. किओज्जाची मिठागरं व्हेनिसच्या ताब्यातली, पण पुढे ती पुरेनात. १२८१ साली व्हेनिसने नियम केला की पूर्वेकडून परतणाऱ्या व्यापाऱ्यांनी मीठ आणायचं, सरकार ते ठरल्या भावाने घेणार. परतीच्या जहाजाला तळाशी वजन लागतंच. दगड भरण्याऐवजी मीठ भरलं, तर व्यापाऱ्याचं भाडं सुटलं आणि सरकारच्या वखारीत मीठ आलं. मग मुख्य भूमीवर ते कुठल्या गावाला किती आणि काय भावाने द्यायचं हे मीठ-कचेरी ठरवणार. म्हणजे फेरारातली बाई मिठासाठी जे जास्तीचे पैसे मोजत होती, त्यातून व्हेनिसच्या व्यापाऱ्याच्या मिरीच्या जहाजाचा खर्च निघत होता. या एका गोष्टीपुरतं मला व्हेनिसचं कौतुक वाटतं. लूट करावी तर इतक्या नीट हिशेबाने!

पार्माचा फ्रान्सिस्कन साधू सालिम्बेने याच काळात टिपणं लिहीत होता. त्याला व्हेनिसकर अजिबात आवडत नसत. हावरे आणि हट्टी लोक, असं तो लिहितो. एकाच माणसाकडून एकाच वेळी ठिकठिकाणी कर घेतात. कुणी माल घेऊन आला तर त्याला तो परत नेता येत नाही, तिथेच विकावा लागतो. आणि वादळाने भरकटून एखादं जहाज त्यांच्याकडे लागलं, तरी माल विकल्याशिवाय सोडत नाहीत. म्हणतात, हे जहाज देवाच्या इच्छेने आमच्याकडे आलं, देवाच्या इच्छेला आम्ही कोण मोडता घालणार! जकातनाक्यावर उभ्या राहिलेल्या कुठल्याही माणसाला हा कारकुनी धार्मिकपणा ओळखीचा वाटेल.

तक्रार सर्वांत जास्त बोलोन्याची होती. मोठं शहर, विद्यापीठाचं शहर, खाणारी तोंडं भरपूर, आणि समुद्राची वाट व्हेनिसने दाबलेली. १२७० ते १२७३ अशी तीन वर्षं लढाई झाली. शेवटी बोलोन्याला काही सूट मिळाली, पण मुखावरची पकड व्हेनिसकडेच राहिली.

मग एस्ते घराणं गप्प का होतं? कारण त्यांना परवडत होतं. मिठाचा चढा भाव गावाने भरायचा. एस्तेंना मिळत होती व्हेनिसची पाठराखण, गरज पडली तर आसरा, आणि पुढे व्हेनिसच्या सरदारवर्गात मानाची जागा. १३८१ साली व्हेनिसने ग्रँड कॅनालवरचा एक देखणा वाडा विकत घेऊन निक्कोलो दुसरा एस्ते याला भेट दिला. आज पर्यटक त्याला तुर्कांचं फोंदाको म्हणून ओळखतात, कारण नंतर तिथे तुर्की व्यापारी राहिले. संबंध बिघडले की वाडा काढून घ्यायचा, सुधारले की परत द्यायचा. १३९५ साली तर निक्कोलो तिसऱ्याच्या कारभाऱ्यांनी ५०,००० दुकातांच्या, म्हणजे सोन्याच्या नाण्यांच्या, कर्जासाठी पोलेसिने हा सुपीक पट्टा व्हेनिसकडे गहाण टाकला. त्या वेळी निक्कोलो पोरसवदा होता आणि घरातलाच एक दावेदार गादीवर डोळा ठेवून होता. पुन्हा गादी, पुन्हा व्हेनिसच्या दारात.

१३०८ ची चूक

मी इथे थोडा मागे येतो, कारण प्रकरणाचा गाभा इथे आहे.

३१ जानेवारी १३०८ रोजी अत्सो आठवा वारला. औरस मुलगा नाही. त्याने आपल्या अनौरस मुलाच्या, फ्रेस्कोच्या, मुलाला वारस नेमलं होतं. अत्सोच्या भावांना ते मान्य होणं शक्यच नव्हतं. भाऊ पोपकडे गेले, फ्रेस्को व्हेनिसकडे गेला. पोप क्लेमेंट पाचवा तेव्हा फ्रान्समध्ये होता, पण फेरारा ही पोपच्या मालकीची जहागीर असल्याचा दावा जुना होता.

इथवर सगळं १२४० सारखंच. फरक असा की या वेळी व्हेनिसला कलम पुरेसं वाटलं नाही. फ्रेस्कोला शहर राखता येईना. त्याने आपले हक्क व्हेनिसला लिहून दिले आणि पोवरच्या पुलाशी असलेला कास्तेल तेदाल्दो हा किल्ला व्हेनिसच्या शिबंदीच्या हाती आला. नदीचं तोंड आधीच ताब्यात होतं, आता गळाही धरता येत होता. व्हेनिसच्या सभेत कडाक्याचा वाद झाला. याकोपो क्वेरिनी आणि त्याच्या बाजूचे लोक सांगत होते की पोपशी वैर घेऊ नका. दोजे पिएत्रो ग्रादेनिगोचं म्हणणं होतं की अशी संधी दारात चालून आली असताना ती सोडणारा राज्यकर्ता कसला? ग्रादेनिगोची बाजू जिंकली.

मार्च १३०९ मध्ये पोपचा आदेश निघाला. व्हेनिस बहिष्कृत. तिच्याशी कुणी व्यापार करायचा नाही. तिचे सगळे तह रद्द. व्हेनिसकरांचा माल जिथे दिसेल तिथे जप्त करायचा, माणसं धरून गुलाम म्हणून विकली तरी पाप नाही. शिवाय धर्मयुद्धाची हाक.

ज्या व्हेनिसने ९३३ मध्ये इस्त्रियाच्या सरदाराला व्यापारबंदीने वाकवलं, तिच्यावरच आता सगळ्या ख्रिस्ती जगाची व्यापारबंदी होती. आणि ती बंदी कुणाला हवीहवीशी वाटली असेल? ज्यांनी ज्यांनी व्हेनिसच्या वखारीत नाइलाजाने माल उतरवला होता त्या सगळ्यांना. परदेशी बंदरांत आणि बाजारपेठांत व्हेनिसच्या व्यापाऱ्यांचा माल लुटला गेला. वरून धर्माचा आशीर्वाद होता, खालून वर्षानुवर्षांची खुन्नस होती.

कास्तेल तेदाल्दोत मार्को क्वेरिनी शिबंदी घेऊन बसला होता. उन्हाळा, पोचं साचलेलं पाणी, रोगराई. बाहेर कार्डिनल आर्नो द पेलाग्रू याची फौज. ऑगस्ट १३०९ च्या अखेरीस किल्ला पडला. कत्तल झाली, पकडलेल्यांपैकी काहींचे डोळे काढल्याच्या नोंदी आहेत.

व्हेनिसमध्ये खापर फोडाफोडी सुरू झाली. मार्को क्वेरिनीवर किल्ला सोडल्याचा ठपका आला, आणि ज्यांनी या युद्धाला विरोध केला होता तेच लोक आता दुखावलेले. १५ जून १३१० च्या पहाटे त्यांनी बंड केलं. मार्को क्वेरिनी, बादोएरो बादोएर आणि क्वेरिनीचा जावई बायामोन्ते तिएपोलो. हा बायामोन्ते कोण? १२४० साली फेरारासमोर जातीने उभ्या राहिलेल्या दोजे याकोपो तिएपोलोचा पणतू. पणजोबाने जो करार मिळवला, त्या कराराच्या हव्यासापायी पणतू आपल्याच गावावर चालून गेला. पाऊस होता. मेर्चेरियाच्या गल्लीतून बायामोन्तेची टोळी चौकाकडे निघाली असताना वरच्या खिडकीतून एका म्हातारीने दगडी खल खाली सोडला. तो निशाण धरणाऱ्याच्या डोक्यात बसला, निशाण चिखलात पडलं आणि टोळी पांगली. म्हातारीला बक्षीस विचारलं तर तिने पैसा मागितला नाही. सणाच्या दिवशी खिडकीत सरकारी निशाण लावू द्या आणि घरभाडं कधी वाढवू नका, एवढंच म्हणाली. भाडेकरूला कळतं काय मागावं ते.

या बंडातून दहा जणांची समिती निघाली. ती तात्पुरती म्हणून नेमली होती आणि प्रजासत्ताक बुडेपर्यंत, म्हणजे १७९७ पर्यंत, टिकली. व्हेनिसच्या त्या कुप्रसिद्ध गुप्त कारभाराचं मूळ फेराराच्या मिठात आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

पोपची मनधरणी करायला फ्रान्चेस्को दान्दोलो आव्हिन्योंला गेला. गळ्यात साखळी घालून, कुत्र्यासारखा पोपच्या मेजाखाली जाऊन बसला अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, बहिष्कार १३१३ साली उठला आणि त्यासाठी व्हेनिसला जबर दंड मोजावा लागला. किल्ल्यावरचा आणि शहरावरचा दावा गेला. पण गंमत पाहा, व्यापाराचे जुने हक्क व्हेनिसने परत मिळवले. विस्दोमिनो पुन्हा फेरारात जाऊन बसला.

फेरारात पोपच्या वतीने नेपल्सच्या राजाची भाडोत्री फौज आली होती. तिने लोकांना इतकं पिळलं की १३१७ साली गाव उठलं, कास्तेल तेदाल्दोवर तुटून पडलं आणि एस्तेंना परत घेऊन आलं. परत आलेल्या एस्तेंसमोर नदी तीच, तोंड तेच.

मीठयुद्ध आणि त्यानंतर

पुढची दीडशे वर्षं फार काही घडलं नाही. जे घडलं ते १४८२ साली. ड्यूक एर्कोले पहिला याने कोमाक्किओत मीठ पिकवायला घेतलं आणि विस्दोमिनोशी उघड तंटा मांडला. विस्दोमिनोने कर्जापायी एका धर्मगुरूला अटक केली, बिशपच्या माणसाने विस्दोमिनोला बहिष्कृत केलं. निमित्त एवढंसं. या लढाईला इटलीत मीठयुद्ध म्हणतात. सुरुवातीला पोप सिक्स्तुस चौथा व्हेनिसच्या बाजूने होता. मग तो फिरला आणि १४८३ मध्ये त्याने व्हेनिसवर पुन्हा बहिष्कार घातला. या खेपेला व्हेनिसने त्याला भीक घातली नाही. पोच्या दलदलीत हिवतापाने दोन्हीकडची माणसं मेली. एर्कोलेच्या बाजूचा सेनापती, उर्बिनोचा ड्यूक फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो, सप्टेंबर १४८२ मध्ये तापानेच गेला. ७ ऑगस्ट १४८४ रोजी बान्योलोचा तह झाला. एस्तेंनी मधल्या काळात सोडवून घेतलेलं पोलेसिने पुन्हा गेलं, विस्दोमिनो परत आला, कोमाक्किओची मिठागरं पुन्हा कोरडी.

या वेळी मात्र फेरारात गादीचं भांडण नव्हतं. एर्कोले पक्का बसलेला होता, नेपल्सच्या राजाचा जावई होता, आणि त्याच्या मुलाला, आल्फोन्सोला, पुढे तोफा ओतायचा नाद लागणार होता. व्हेनिसने लढाई जिंकली, पण घरातून दार उघडून देणारा कुणी एस्ते या वेळी तिला मिळाला नाही. माझ्या मते करार तिथेच मेला होता, पुरायला पंचवीस वर्षं लागली.

१५०९. मे महिन्यात आन्यादेल्लोला व्हेनिसच्या फौजेचा धुव्वा उडाला. आता ड्यूक असलेल्या आल्फोन्सोने विस्दोमिनोला फेरारातून हाकललं आणि पोलेसिने परत घेतलं. व्हेनिसने सूड म्हणून वल्ह्यांच्या लढाऊ नावांचा ताफा पोत घातला. २२ डिसेंबरला पोलेसेल्लापाशी तो नांगर टाकून होता. आल्फोन्सोच्या भावाने, कार्डिनल इप्पोलितोने, रात्रीतून तोफा काठच्या बांधामागे आणून लावल्या. पावसाने नदी फुगली होती आणि नावा वर उचलल्या गेल्या होत्या. उजाडताना तोफांची तोंडं आणि नावांच्या कुशी एका रेषेत आल्या. बहुतेक ताफा बुडाला नाहीतर पकडला गेला. समुद्राच्या मालकिणीचं आरमार नदीत मेलं.

याच वर्षी फेब्रुवारीत दीवसमोर पोर्तुगीजांनी इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आणि गुजरातचं आरमार मोडलं होतं. त्याआधी वर्षभर, मार्च १५०८ मध्ये, आपल्या चौलच्या खाडीत त्याच मामलुकांनी पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या मुलाला, लॉरेन्सो द आल्मेदाला, मारलं होतं. व्हेनिस अलेक्झांड्रियात जी मिरी घेत होती ती याच पाण्यावरून जात होती. इकडे आता पोर्तुगीज म्हणू लागले की आमचा परवाना, म्हणजे कार्ताझ, असल्याशिवाय तारू हाकायचं नाही. समुद्राचं तोंड धरून बसायची युक्ती जुनीच होती, फक्त खाडीच्या जागी सबंध अरबी समुद्र आला होता.

फेरारात पोलेसेल्लानंतर दिवाळीच असणार. आल्फोन्सोने कोमाक्किओत पुन्हा मीठ पिकवायला घेतलं आणि लोंबार्डीला विकायलाही लागला, व्हेनिसपेक्षा स्वस्त. पण कोमाक्किओच्या दक्षिणेला चेर्व्हियाची मोठी मिठागरं आहेत. ती १४६३ पासून व्हेनिसकडे होती आणि आन्यादेल्लोनंतर पोप जूलियस दुसरा याच्या हाती आली होती. पोपने आल्फोन्सोला निरोप धाडला की कोमाक्किओतलं मीठ बंद कर. आल्फोन्सोने ऐकलं नाही. ऑगस्ट १५१० मध्ये त्याला बहिष्कृत करण्यात आलं, आणि त्याच्यावरच्या आरोपांत मीठ होतं.